मसाल्याच्या डब्यातलं कार्ड

आमचं मूळ गाव तिकडे खाली, मालवणच्या पुढे, पण मी जन्मले ती घाटकोपरलाच, भटवाडीच्या टेकडीवर, आणि आई सांगायची की जन्मल्याबरोबर मी अशी काही ओरडले की खाली स्टेशनात लोकांना वाटलं गाडी आली, दोन-चार जण म्हणे पिशव्या उचलून धावले पण. हे असं आहे ताई, मी खोटं बोलत नाही, जरा फुगवून सांगते, बोलायची रीतच तशी आमची. नाव शालिनी, पण शालिनी मला फक्त रेशनकार्ड म्हणतं, बाकी अख्खी टेकडी शालन. वडील विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर बसायचे, आई घरी मालवणी मसाला करून विकायची, तिखट इतकं की गल्लीतनं जाणारं कुत्रं शिंकत शिंकत नाल्यापर्यंत जायचं. तिचा मसाल्याचा डबा होता, स्टीलचा, गोल, आत सात वाट्या, तो तिनं मला लग्नात दिला. म्हणाली, गो, सोना काय माझ्याकडे नाय, ह्यो डबो घे. घेतला. त्या डब्यानं पुढे काय काय केलं ते सोन्यानं केलं नसतं.

एकोणिसाव्या वर्षी मी स्टेशनजवळ अण्णांच्या फोटो स्टुडिओत लागले. अण्णा म्हणजे मालक, माणूस गरीब, म्हणजे स्वभावानं. माझं काम पासपोर्ट फोटो कापायचे आणि मोठ्या फोटोवर पांढरे ठिपके पडले की बारीक ब्रशनं ते बुजवायचे. काय सांगू तुम्हाला, माझा ब्रश फिरला की देवीचे व्रण जायचे, टक्कल भरून यायचं. एका बाईचा नवरा मी इतका देखणा करून दिला की तिनं फोटो घरात लावला आणि नवऱ्याला गॅलरीत झोपवला. लग्न झालं, पोरगा झाला, स्टुडिओ काही सुटला नाही. आमचे हे एका औषधाच्या गोदामात कामाला, गोगलगाय, दिवसाला अकरा शब्द बोलतात, त्यातले पाच चहा दे गं आणि पेपर कुठाय.

मग ते डिजिटल आलं. अण्णांनी कॅमेरा आणला, कॉम्प्युटर आणला, कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, वर टर्किशचा टॉवेल टाकला, आणि पुढचा महिनाभर त्याच्यापासून चार हात लांब उभं राहून म्हणायचे, शालन, तू बघ ना काय ते. मी बघितलं. पंधरा दिवसांत शिकले. कॅमेऱ्यातनं कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं, कॉम्प्युटरवर त्याचं खोकं उघडतं, सगळे फोटो निवडायचे, कॉपी म्हणायचं, पार्टीच्या नावाचं फोल्डर करायचं, त्यात पेस्ट. आज हे शेंबडं पोर पण करतं, पण तेव्हा ताई, मी रीडरमध्ये कार्ड सरकवलं की दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं चपला काढायची, अशी इज्जत.

आता यात दोन गोष्टी असतात, कॉपी आणि कट. कॉपी केलं की फोटो कार्डात पण राहतो आणि कॉम्प्युटरवर पण येतो. कट केलं की तिकडनं उठतो आणि इकडे येतो, मध्ये लाईट गेली, वायर हलली, की संपलं. मी जन्मात कधी कट केलं नाही. कॉपी करायचं, मग दोन्हीकडचे फोटो मोजायचे, आकडा जुळला की वहीत खूण, आणि तरी सुद्धा कार्ड लगेच पुसायचं नाही, नवरीची आई येऊन कॉम्प्युटरवर फोटो बघून हो म्हणेस्तोवर नाही. आणि तोवर ते कार्ड ठेवायचं कुठे, तर माझ्या आईच्या मसाल्याच्या डब्यात. घरचा मसाला मी बरणीत ओतला आणि डबा स्टुडिओत आणला. प्रत्येक वाटीला नेलपॉलिशनं आकडा घातला. भरलेली कार्डं वाटीत, रिकामी कार्डं झाकणावर. वाटीला हात लावायचा नाही, झाकणावरचं कुणीही घ्या. इतकं सोपं, की अण्णांना पण समजलं.

नाही समजलं ते एकाला. विलास. माझा धाकटा दीर. ह्यांचा भाऊ, पण ह्यांच्या वाटणीची जीभ देवानं त्यालाच दिली. बेकार फिरत होता, नाक्यावर उभं राहून गॉगल पुसायचा, मीच अण्णांच्या पाया पडून त्याला स्टुडिओत लावला. कॅमेरा बरा चालवायचा, कबूल करते, पण कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, म्हणायचा, वहिनी, ते बायकांचं काम. आणि जरा आरसा दिसला की झालं. स्टुडिओत गिऱ्हाइकांना केस विंचरायला एक मोठा आरसा होता, त्या आरशाची अर्धी काच ह्याच्या बघण्यानं झिजली.

आणि आता कुंदा. कुंदा माझी शेजारीण, भिंतीला भिंत. भिंत पण कसली, पत्रा आणि प्लायवूड, ती तिकडे कांदा चिरायला बसली की डोळे माझे वाहायचे. सव्वीस वर्षं आम्ही त्या भिंतीला पाठ लावून बोललो. अगं शालन, अगं कुंदे, ह्याच्याशिवाय आमची सकाळ नाही की संध्याकाळ नाही. तिचा नवरा मधूभाऊ बसवर कंडक्टर, हसरा माणूस, घरात शिरताना पण दोनदा घंटी मारल्यासारखं दारावर टकटक करायचा. त्यांची एकुलती एक मुलगी रेश्मा. तिचं लग्न ठरलं एका शनिवारचं, आणि फोटोचं काम अर्थात आमच्या स्टुडिओला, फोटो काढायला विलास. व्हिडिओवाला केला नाही, आणि मोबाईलवर तेव्हा फोटो यायचे ते असे की नवरी कोण आणि समई कोण ते विचारावं लागायचं. म्हणजे लग्न राहायचं ते त्या एका कार्डात.

लग्न झकास झालं. संध्याकाळी विलासनं कार्ड माझ्या हातात दिलं, स्टुडिओतलं सगळ्यात मोठं कार्ड, एकच होतं तसलं. मी पैठणीत, केसात गजरा, घरी कुंदाकडचे पाहुणे माझ्याकडे झोपायला यायचे होते, म्हणून मी जाता जाता स्टुडिओ उघडला, कार्ड चार नंबरच्या वाटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि घरी गेले. सोमवारी आल्या आल्या कॉपी करू म्हटलं. रविवारी स्टुडिओ बंद.

सोमवारी वाटीतलं कार्ड रीडरमध्ये घातलं. खोकं उघडलं. बघते तर पाळणा. पाळण्यात बाळ. बाळाच्या कपाळाला तीट. दोनशे बारा फोटो, सगळे बारशाचे. मी म्हटलं, दोन दिवसांत रेश्माला मूल झालं का काय. विलासला विचारलं, तर बोलला, हां वहिनी, रविवारी मुलुंडला एक बारसं होतं, अण्णांकडनं चावी घेतली, झाकणावरनं कार्ड घेतलं, रिकामं होतं, एकही फोटो नव्हता त्यात. मी म्हटलं, झाकणावर नव्हतं ते, चार नंबरच्या वाटीत होतं. तर हा अण्णांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, हात हलवून बोलतो, वहिनी, शनिवारी घाईत होत्या तुम्ही, कॉपीच्या जागी कट झालं असेल, उडाले असतील, होतं असं, बायकांना कॉम्प्युटरमधलं इतकं कळत नाही. आणि आईची शपथ घेतली वर. सासूबाई तेव्हा जिवंत होत्या, त्यांना त्या दिवशी ठसका लागला असणार.

तरी ते निभावलं असतं. रेश्मा लहान पोर, म्हणाली, काकू, परत साडी नेसून स्टुडिओत काढू फोटो. पण लग्नाच्या सोळाव्या दिवशी मधूभाऊ सकाळी आंघोळ करून बाहेर आले, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि बसले ते गेलेच. भिंतीच्या अलीकडे मी ऐकलं सगळं. धावत गेले. दिवस झाले आणि मग फोटो लावायचा म्हणून शोधायला लागले तर घरात त्या माणसाचा एक धड फोटो नाही. शेवटी त्याच्या नोकरीच्या आयकार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केला, त्यात तो असा घाबरलेला की आता कुणी कानाखाली मारणार आहे. त्याची म्हातारी आई, माई म्हणायचो आम्ही, ती त्या फ्रेमकडे बघून रोज म्हणायची, ह्यो माझो झील नाय, ह्यो कोणतरी दुसरो. माझो झील हसता.

आणि कुंदा माझ्याकडे बघून म्हणाली, शालन, तुझ्या हातानं गेले गं ते फोटो. एवढंच. त्यानंतर तेरा वर्षं तिनं त्या भिंतीला पाठ लावली नाही. मी किती सांगितलं, मी कट केलं नाही गं, मी करत नाही. सगळी टेकडी विलासचं ऐकून बसलेली. नळावर मी गेले की बायका आपले फोन पदराखाली घ्यायच्या, जसं काय मी नुसतं बघितलं तरी फोटो पुसले जातील. अण्णांनी पण गोड बोलून सांगितलं, शालन, थोडे दिवस घरी आराम कर. आराम! मी माझा डबा उचलला आणि निघाले. त्या डब्यात ते कार्ड पण होतं. अण्णा म्हणाले, ने ते अपशकुनी कार्ड, मला नको. बारशाचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन झाले होते, कुणाला त्याचं काही नव्हतं. मी नेलं. का नेलं माहीत नाही. त्या दिवसापासून कार्ड चार नंबरच्या वाटीत, वर झाकण, झाकणावर पाटा. आणि मी शपथ घेतली की विलासच्या तोंडून खरं निघेपर्यंत बांगडा खाणार नाही. आठव्या दिवशी खाल्ला, ते सोडा, पण राग नाही सोडला. राग मी रोज ऊन दाखवून, पाखडून, परत भरून ठेवला, कीड लागू दिली नाही.

विलासनं नंतर स्वतःचं दुकान काढलं, बोर्डावर गणपती एवढासा आणि गॉगल घातलेला विलास एवढा. मी स्टेशनसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. मग मंडळाच्या हॉलमध्ये मंगळवारी बायकांचा कॉम्प्युटरचा क्लास घ्यायला लागले, परक्या चाळीतल्या बायका यायच्या, आमच्यातली एक नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी झेरॉक्सच्या दुकानात मशीन दुरुस्तीला एक माणूस आला, बोलता बोलता मी त्याला ही सगळी कर्मकथा सांगितली, तर तो स्क्रू पिळत पिळत म्हणतो, मावशी, कार्ड पुसलं, फॉरमॅट केलं म्हणजे काय, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, पानं आतच असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. ते कार्ड नंतर कुणी वापरलं का? मी म्हटलं, तेरा वर्षं ते पाट्याखाली आहे.

ताई, मी टेकडी चढले ती अशी, की रिक्षावाले मागे राहिले. तसलं जाडं कार्ड घेणारा रीडर आता मिळेना, तो त्या माणसानंच कुठल्या भंगारातनं आणून दिला, आणि फोटो परत काढायचा प्रोग्रॅम लावून दिला. भर दुपारी, हॉलमध्ये मी एकटी. आधी आलं बारसं, दोनशे बारा. मग थोडा वेळ काहीच नाही, राखाडी पट्टे. आणि मग एकदम पंगत. लग्नाची पंगत. आधीचं सगळं, हळद, अंतरपाट, ते बारशाच्या खाली दाबलं गेलं होतं, पण पंगतीपासून पाठवणीपर्यंत सगळं जसंच्या तसं. आणि मधूभाऊ. हातात जिलब्यांचं ताट, कुणाला तरी आग्रह करतोय, तोंड असं उघडून हसतोय की आतली सोन्याची दाढ दिसते. मी त्याच्याशी बोलले, खरंच बोलले, मेल्या, कुठे होतास रे तू.

आणि पाठवणीच्या शेवटच्या फोटोच्या मागोमाग, त्या रांगेत शेवटचा, एक फोटो. स्टुडिओतला आरसा. आरशात विलास. बारशाला जायचे नवीन कपडे, गॉगल डोक्यावर, कॅमेरा छातीशी. प्रत्येक फोटोच्या पोटात दिवस आणि वेळ लिहिलेली असते, तो मी उघडून बघितला. रविवार, सकाळी नऊ वीस. आणि आरशात त्याच्या कोपराशी काउंटरवर माझा डबा, उघडा, झाकणावर दोन रिकामी कार्डं तशीच, आणि चार नंबरची वाटी रिकामी.

समजलं ना? कार्ड रिकामं असतं तर त्याचा तो फोटो पहिल्या पाटावर, बारशाच्याही आधी बसला असता. तो बसलेला पंगतीच्या टोकाला, रेश्माच्या पाठवणीला खेटून. म्हणजे सगळं लग्न कार्डात असताना ह्यानं ते कॅमेऱ्यात घातलं, आरशासमोर एक आपला काढला, आणि मग पुसलं.

मी तेव्हाच उठून कुंदाच्या दारात जायला पाहिजे होतं. माझ्या दारापासून बारा पावलं. पण त्याच आठवड्यात मंडळानं ठरवलं होतं की माघी गणपतीत विलासचा सत्कार करायचा, टेकडीचा कलावंत म्हणून, शाल, श्रीफळ, आणि पडद्यावर त्यानं काढलेले फोटो. आणि सेक्रेटरी मलाच विचारायला आला, काकू, लॅपटॉप तुम्ही बसाल ना सांभाळायला, विलासभाऊंना त्यातलं जमत नाही. मला आतनं अशा उकळ्या फुटल्या. म्हटलं, बसेन की. घरचं कार्य. आणि मी थांबले. लाडू खाल्ले, तिळगूळ वाटला, विलासला पण दिला, गोड बोला म्हटलं भाऊजी.

सत्काराच्या संध्याकाळी हॉल भरलेला, दहा हजार माणूस, बरं, दोनशे धरा. विलास स्टेजवर शाल पांघरून, गळ्यात हार. कुंदा तिसऱ्या रांगेत. मी त्याचे फोटो दाखवत गेले, सूर्यास्त, कबुतरं, कुठल्या तरी आमदाराचा वाढदिवस, टाळ्या. मग मी जिलब्यांचं ताट लावलं. हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, अरे हा तर मधू. मग पंगत, मग रेश्मा रडताना, मधूभाऊ मांडवाच्या खांबाआड तोंड पुसताना. आणि मग आरसा, विलास, पडद्यावर दहा फुटी. मी माईक घेतला आणि भाऊजी-भाऊजी करत, एकही शिवी न देता, पंगतीचा दाखला देऊन सगळं समजावलं, वाटी दाखवली, वेळ वाचली. विलास आधी हसला, वहिनी मस्करी करतात म्हणाला. कुणी हसलं नाही. तेव्हा आमचे हे उठले, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघात उठले, आणि म्हणाले, विलास, बोल. आणि तो गडबडला आणि त्याच्या तोंडून सुटलं, अरे दादा, कार्ड फुल दाखवत होतं, मोठं कार्ड तेवढं एकच होतं, मी काय करणार होतो?

संपला. त्याच्याच तोंडानं. तो आवाज मी अजून कानात घोळवते, सकाळच्या चहाबरोबर.

मला वाटलं कुंदा येईल आणि मला मिठी मारेल. ती आली. विलासकडे तिनं बघितलं पण नाही. लॅपटॉपपाशी आली आणि विचारलं, हे तुला कधी मिळाले? ताई, मी आयुष्यभर वाढवून सांगितलं, कमी करून सांगितलं, त्या वेळी दोन्ही जमलं नाही. म्हटलं, दिवाळीत. तिनं बोटं मोजली, एक एक करून, लहान पोरीसारखी. म्हणाली, माई मार्गशीर्षात गेल्या. शेवटचे आठ दिवस त्या आयकार्डाच्या फ्रेमकडे बघून मुलाला हाका मारत होत्या. तू आली होतीस ना बघायला, भाताची पेज घेऊन.

आले होते. पेज मऊ केली होती, तूप घातलं होतं. ते फोटो घेतलेला पेनड्राईव्ह बटव्यात होता की नव्हता ते आठवत नाही, पण घरात होता, भिंतीच्या अलीकडे.

आता विलासचं म्हणाल तर टेकडीवर त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. तो दिसला की पोरं लांबनं ओरडतात, काय भाऊ, कार्ड फुल? भाजीवाला पण विचारतो, पिशवी फुल का भाऊ. तो आता मागच्या पायऱ्यांनी जातो, एकशे दहा पायऱ्या जास्त आहेत तिकडनं, आणि त्याचे गुडघे दुखतात. मला अजिबात वाईट वाटत नाही. मी देवाला रोज सांगते, त्याला शंभर वर्षं आयुष्य दे, धडधाकट ठेव, कान तर एकदम शाबूत ठेव. मेल्यावर माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात, आणि ते काही मला ऐकवणार नाही.

आणि कुंदा माझ्या क्लासला येते. हो, मंगळवारी, पहिल्या बाकावर बसते, बाकीच्या बायकांसारखं मला मॅडम म्हणते. हुशार आहे, दोन महिन्यांत सगळं शिकली, फोनमधनं, कॅमेऱ्यातनं, पेनड्राईव्हवरनं. कॉपी करते, मग दोन्हीकडचे फोटो मोजते, मी शिकवलं तसंच. कधी अडली की मी पुढे होते, तर ती माऊसवर आपला हात तसाच ठेवते आणि म्हणते, नको मॅडम, नुसतं सांगा, मी करते. मग मी हात मागे बांधून उभी राहते आणि सांगते.